सॅपो-३४चा पातळ थर आणि गोठ्यातला गॅस

शेणापासून मिळणाऱ्या बायोगॅसमध्ये साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि त्याशिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड व बरीच वाफ असते. स्वयंपाकाच्या शेगडीला हे मिश्रण जसेच्या तसे चालते. मात्र तोच गॅस दाबून टाकीत भरायचा असेल, तर न जळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी टाकीतली जागा आणि कॉम्प्रेसरची वीज खर्च करणे परवडत नाही. वाहनाचे इंधन म्हणून वापरायच्या बायोमिथेनमध्ये तर भारतीय मानकाप्रमाणे किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी रसायनशास्त्र शिकवतो, तेथे महाविद्यालयाजवळच एका काकाजींचा म्हशींचा गोठा आणि मोठे गोबरगॅस संयंत्र आहे. "गॅस त रोज उरते सर, पण त्याले टाकीत भरता येते का, थे सांगा," असे त्यांनी मला विचारले होते. झिओलाइटच्या, म्हणजे रेणूंच्या मापाची छिद्रे असलेल्या स्फटिकांच्या, मेम्ब्रेनकडे (वायू गाळणाऱ्या पातळ थराकडे) मी वळलो तो या प्रश्नामुळे.

कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्याच्या रुळलेल्या पद्धती आहेत. दाबाखालच्या पाण्याने गॅस धुता येतो, अमाइनच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषून घेता येतो, किंवा अधिशोषकाने भरलेल्या टाक्यांमध्ये आलटून पालटून दाब वाढवून आणि उतरवून तो पकडता येतो. या पद्धती मोठ्या संयंत्रांना शोभतात. एका गोठ्याच्या प्रमाणात त्यांचे पंप, झडपा आणि पाणी यांचाच बोजा जड होतो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे धुण्यासाठी पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न उरतोच. मेम्ब्रेनमध्ये हलणारा भाग नसतो. एका बाजूने दाबाखाली मिश्रण येते, कार्बन डायऑक्साइड थरातून पलीकडे जातो आणि मिथेन अलीकडेच राहतो.

हे घडायचे, तर थराची छिद्रे या दोन रेणूंच्या मापांमध्ये नेमकी बसली पाहिजेत. कार्बन डायऑक्साइडचा गतिज व्यास ०.३३ नॅनोमीटर मानला जातो आणि मिथेनचा ०.३८ नॅनोमीटर. चाबाझाइटच्या बांधणीच्या झिओलाइटमध्ये पिंजऱ्यांना जोडणारी खिडकी सुमारे ०.३८ नॅनोमीटरची असते, म्हणजे मिथेन तिच्यातून जेमतेम जातो आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातो. शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला चतुर्ध्रुवी आघूर्ण (रेणूतल्या विद्युतभाराची असमान वाटणी) असल्याने तो छिद्रांच्या भिंतींना अधिक धरून राहतो, जागा अडवतो आणि मिथेनला आत शिरू देत नाही. म्हणूनच मिश्रण सोडल्यावर मिळणारे पृथक्करण हे दोन्ही वायू वेगवेगळे सोडून काढलेल्या गुणोत्तरापेक्षा बहुधा सरस निघते. या बांधणीचा सॅपो-३४ हा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस यांचा स्फटिकरूप पदार्थ युनियन कार्बाइडच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तयार केला. पुढे अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठातील फाल्कनर आणि नोबल यांच्या गटाने त्याचे मेम्ब्रेन बनवण्याची पद्धत बसवली, आणि त्यांच्या चांगल्या मेम्ब्रेनमध्ये कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांची निवडक्षमता, म्हणजे मिथेनच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड किती पट सहज पार होतो ते प्रमाण, १००च्या वर गेली. माझे सारे काम त्याच पद्धतीच्या पायावर उभे आहे.

झिओलाइट आमच्या भागाला परके नाहीत. वऱ्हाडापासून वर्ध्यापर्यंत जमिनीखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखे झिओलाइटचे स्फटिक सापडतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून झिओलाइट बनवण्याचे कामही झाले आहे. परंतु दगडातला सुटा स्फटिक कितीही देखणा असला, तरी वायू वेगळे करायला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी असंख्य सूक्ष्म स्फटिक एकमेकांत गुंतून, मध्ये फट न ठेवता वाढलेला काही मायक्रॉन जाडीचा सलग थर लागतो. या कामातली सगळी अडचण स्फटिकांमध्ये नसून दोन स्फटिकांच्या मधल्या जागेत आहे. स्फटिकाची खिडकी निसर्गनियमाने ठरलेली असते. दोन स्फटिकांमधली फट मात्र आपल्या हाताने, आपल्या भट्टीने आणि आपल्या हवेने ठरते. एखाद्या नॅनोमीटरच्या फटीतूनही दोन्ही वायू निवड न होता निघून जातात, आणि अशा फटींनी थराचे क्षेत्रफळ अगदी नगण्य प्रमाणात व्यापले, तरी निवडक्षमता कोसळते.

आधारासाठी सच्छिद्र आल्फा-ॲल्युमिनाच्या नळ्या वापरतात. त्या महाग असल्यामुळे मी चकत्यांपासून सुरुवात केली. अर्धा मायक्रॉन कणांची ॲल्युमिनाची भुकटी साच्यात घालून, आयआर वर्णपटासाठी गोळ्या दाबायच्या हायड्रॉलिक प्रेसवर २२ मिलिमीटर व्यासाची चकती दाबायची आणि ११५० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ भाजायची. एवढ्या तापमानाला कण परस्परांना चिकटतात, पण मधली छिद्रे बुजत नाहीत. नंतर सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर ती पाण्याखाली घासून गुळगुळीत करायची. हे घासणे कंटाळवाणे आहे, पण त्यात कसूर चालत नाही, कारण आधारावरचा प्रत्येक ओरखडा पुढे थरात उमटतो. धुण्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरता येत नाही. आमचे भूजल जड आहे आणि त्यातले कॅल्शियमचे क्षार छिद्रांत बसतात. डिस्टिल्ड वॉटरचा खर्च या कामात अपेक्षेपेक्षा पुष्कळ होतो.

सॅपो-३४ला हात घालण्यापूर्वी मी सिलिकालाइट-१चे थर वाढवून हात बसवला. त्याची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटरची असल्याने आमच्या दोन वायूंसाठी ती फार मोठी आहेत, पण तो १८० अंशांच्या आसपास निमूटपणे वाढतो आणि शिकण्यासाठी चांगला आहे.

आता बीजस्फटिकांविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निम्मे काम तेथे होते. आधार तसाच रसायनांच्या द्रावणात बुडवला, तर स्फटिक त्यावर मन मानेल तेथे रुजतात, काही बेटे वाढतात आणि मध्ये उघडी जागा राहते. म्हणून आधी वेगळ्या प्रक्रियेत सॅपो-३४चे एक मायक्रॉनहून लहान स्फटिक तयार करून, धुऊन, भाजून घ्यायचे आणि त्यांचा दाट थर आधारावर बसवायचा. मग द्रावणात नवे स्फटिक जन्मण्याऐवजी हीच बीजे चहूकडून वाढतात आणि एकमेकांना भिडतात. दाट पेरलेल्या कपाशीचे पसारे जसे एकमेकांत शिरून खालची माती दिसेनाशी करतात, तसे ते व्हायला हवे. बीजे विरळ पडली तर भिडायला वेळ लागतो, तोपर्यंत थर जाड होतो, आणि जाड थरातून वायू सावकाश जातो. बीजे एकावर एक ढिगाने पडली, तर खालची नीट चिकटत नाहीत आणि पुढे पापुद्र्यासारखी सुटतात.

बीजे लावण्याची रूढ रीत कापसाच्या बोळ्याने घासण्याची आहे. कपाशीच्या मुलखात बोळ्याची वाण नाही, पण सैल कापसाचे तंतू थरात अडकतात. वरून स्फटिक वाढले की ते दिसत नाहीत आणि भाजताना जळून आपल्या जागी पोकळ वाट सोडून जातात. यासाठी मी घट्ट वळलेला बोळा वापरतो, तिरप्या प्रकाशात भिंगाखाली चकती पाहतो आणि मगच पुढे जातो. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे धूळ इतकी उडते की हे काम पहाटे, खिडक्या बंद करून आणि टेबल ओल्या फडक्याने पुसूनच करावे लागते.

द्रावण करताना ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड, फॉस्फोरिक आम्ल आणि पाणी काही तास ढवळायचे, त्यात कलिल सिलिका (पाण्यात तरंगते सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) घालायची, मग टेट्राइथिलअमोनियम हायड्रॉक्साइड आणि शेवटी डायप्रोपिलअमाइन. हा क्रम पाळावा. ही शेवटची दोन्ही द्रव्ये साचा म्हणून काम करतात; त्यांच्याभोवती पिंजरा बांधला जातो आणि वाढ संपल्यावर ती पिंजऱ्यात अडकून राहतात. डायप्रोपिलअमाइनचा वास उग्र असतो आणि ते कातडीला भाजते, त्यामुळे धुराड्याखेरीज (वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडखेरीज) बाटली उघडू नये. आयसोप्रोपॉक्साइड हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात त्याच्या गुठळ्या होतात आणि वजनाचा हिशेब चुकतो, म्हणून ते सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो.

हे तयार मिश्रण, म्हणजे जेल, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या घट्ट झाकणाच्या भांड्यात) घालायचे आणि चकती टेफ्लॉनच्या धारकात, बीजांची बाजू खाली किंवा उभी ठेवून, लटकवायची. तोंड वर ठेवले तर द्रावणात मोकळे वाढलेले स्फटिक तिच्यावर गाळासारखे बसतात. वाढीचे तापमान २२० अंश आहे. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचाच दाब सुमारे २३ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) होतो आणि टेफ्लॉनही आपल्या मर्यादेजवळ येते. त्यामुळे अस्तराचे माप, झाकणाचा आटा आणि भरण्याची पातळी प्रत्येक वेळी तपासतो, आणि ओव्हन पूर्ण थंड झाल्याशिवाय दार उघडत नाही. ही शिस्त मी विद्यार्थ्यांकडूनही तितक्याच कडकपणे पाळून घेतो. सुमारे एक दिवस हे असे राहिल्यावर चकती बाहेर काढून धुवायची आणि वाळवायची.

यानंतरची चाचणी मला या संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत शहाणपणाची पायरी वाटते. साचाद्रव्ये अजून पिंजऱ्यांत असल्याने स्फटिकांची सर्व छिद्रे बंद आहेत. म्हणजे या अवस्थेत निर्दोष थरातून काहीही पार होता कामा नये. चकती ओ-रिंगमध्ये आवळून एका बाजूला नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला साबणाच्या बुडबुड्याचा प्रवाहमापक जोडायचा. काचेच्या नळीतला बुडबुडा जागचा हलला नाही, तर थर सलग आहे. हलला, तर वायू फटींतूनच येतो आहे, दुसरी वाट नाही. अशा चकतीवर पुन्हा एकदा जेलमध्ये वाढ देता येते. भाजण्यापूर्वीच हे कळते, आणि त्यासाठी लागणारे उपकरण कोणत्याही महाविद्यालयात काचकाम करणाऱ्याकडून करून घेता येते. स्फटिक सॅपो-३४चेच आहेत, याची खात्री मात्र क्ष-किरण विवर्तनाने करावी लागते. त्यासाठी नमुना नागपूरला जातो, आणि आलेखात ९.५ अंशांच्या कोनाजवळचे ठळक शिखर दिसले की जीव भांड्यात पडतो.

मग भाजणे. साचाद्रव्ये जाळून काढल्याशिवाय खिडक्या उघडत नाहीत, आणि जाळताना चांगला थर तडकण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. तापल्यावर ॲल्युमिनाचा आधार प्रसरण पावतो, तर चाबाझाइटच्या बांधणीचे स्फटिक तापमानाबरोबर आकुंचन पावतात. त्यातच साचाद्रव्य निघून जाताना स्फटिकाची मापे बदलतात. एकमेकांना चिकटलेल्या दोन पदार्थांपैकी एक फुगतो आणि दुसरा आकसतो, तेव्हा ताण स्फटिकांच्या सांध्यांवर येतो. उपाय एकच, तो म्हणजे सावकाशी. प्रकाशित पद्धतीत मिनिटाला ०.६ अंशाने तापवणे, ४०० अंशांच्या जवळपास १० तास ठेवणे आणि मिनिटाला ०.९ अंशाने थंड करणे असा क्रम आहे. खोलीचे तापमान ४० अंश धरले, तर चढायला १० तास, थांबायला १० तास आणि उतरायला पावणेसात तास लागतात. म्हणजे एक दिवस उलटून गेल्यावरही भट्टी चालूच असते.

ग्रामीण भागात एवढा वेळ अखंड वीज मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर पहिल्याच वेळी म्हणाले, "लाइन गेली त भट्टी थंडी होईन सर, अन् आली का एकदम तापवन. मंग?" त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले होते. वीज जाणे हा धोक्याचा लहान भाग आहे. जाड विटांची भट्टी हळूहळूच निवते. खरा धोका वीज परत आल्यावर असतो, कारण साधा नियंत्रक घड्याळाप्रमाणे पुढे सरकलेले तापमान गाठण्यासाठी भट्टी पूर्ण जोराने पेटवतो आणि चढण्याचा वेग कितीतरी पट होतो. यासाठी आम्ही असा नियंत्रक बसवला की जो वीज आल्यावर आधी भट्टीचे प्रत्यक्ष तापमान वाचतो आणि तेथूनच ठरलेल्या वेगाने पुढे चढतो. भट्टी इन्व्हर्टरवर चालत नाही, पण नियंत्रक चालतो, आणि तेवढे पुरते. चकतीला लागूनच वेगळा थर्मोकपलही (तापमान मोजणारी तारांची जोडी) ठेवला आहे, कारण भिंतीजवळचे आणि मधले तापमान एकसारखे नसते. दार उघडून आत पाहण्याचा मोह कोणालाही होऊ नये म्हणून भट्टीच्या खोलीची किल्ली परिचरांकडे असते, आणि त्यांनी ती मलाही न दिल्याचे प्रसंग आहेत. ते योग्यच होते.

भाजून झालेला सॅपो-३४ दमट हवेत ठेवता येत नाही. रिकाम्या छिद्रांत पाण्याचे रेणू शिरतात, आणि ओलाव्यात फार काळ राहिलेल्या थरात पूर्वी नसलेल्या वाटा उघडतात. म्हणून पावसाळ्यात मी थर फक्त वाढवून ठेवतो, साचाद्रव्यासह. त्या अवस्थेत तो सुरक्षित असतो. भाजण्याचे काम दिवाळीनंतर सुरू करतो, जेव्हा हवा कोरडी होते आणि विजेचे रडगाणेही थोडे कमी होते. भाजलेली चकती थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, जाते.

मोजमापासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतोच असे नाही. कार्बन डायऑक्साइड मोजायला जुनी गॅस ब्युरेट पुरेशी अचूक ठरते: ठरावीक घनफळाचा नमुना घ्यायचा, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून न्यायचा आणि घनफळ किती घटले ते वाचायचे. पार झालेल्या आणि मागे राहिलेल्या दोन्ही प्रवाहांचे असे वाचन घेतले की हिशेब जुळतो का तेही कळते. आमच्या चांगल्या चकत्यांची निवडक्षमता प्रकाशित आकड्यांच्या बरीच खाली आहे. तरीही पार झालेल्या वायूत मिथेन थोडाच असतो, आणि या कामाला ते पुरेसे आहे. एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसली. त्याच चकतीचे पहाटेचे वाचन मे महिन्यातल्या दुपारच्या वाचनापेक्षा सरस येते. तापमान वाढले की कार्बन डायऑक्साइड भिंतींना कमी धरून राहतो आणि मिथेनला अडवणारी गर्दी ओसरते. ज्या प्रदेशात पारा ४५च्या पुढे जातो, तेथे मेम्ब्रेन सावलीत किंवा जमिनीखाली बसवणे हा त्यामुळे रसायनशास्त्राचाच भाग होतो.

काकाजींच्या संयंत्रातला गॅस चकतीवर सोडण्यापूर्वी स्वच्छ करावा लागतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी लेथवरचा गंजवलेला लोखंडी कीस नळकांड्यात भरला आहे. आयर्न ऑक्साइड गंधक धरून ठेवतो आणि काळा पडला की कीस बदलायचा. पुढे वाफेसाठी सिलिका जेल आणि त्यानंतर आण्विक चाळणीचे मणी. हे टप्पे वगळले तर मेम्ब्रेन फार टिकणार नाही.

उरतो दाबाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मेम्ब्रेन कितीही उत्तम असले तरी तो टळत नाही. वायू आपल्या आंशिक दाबाच्या (मिश्रणाच्या दाबातल्या आपल्या वाट्याच्या) उतारानेच, म्हणजे दोन बाजूंच्या फरकानेच, वाहतो. मिश्रणाचा दाब ५ बार आणि त्यात ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल, तर त्याचा आंशिक दाब २ बार होतो. पलीकडे १ बारला जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असेल, तर उतार १ बारचा. मागे राहिलेल्या गॅसमधले त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर आले की हा उतार शून्य होतो आणि काम थांबते. ९० टक्के मिथेन हवा असेल, तर मिश्रणाचा दाब १० बारच्या वर तरी न्यावा लागतो किंवा पलीकडे निर्वात ठेवावे लागते. दूध काढण्याच्या यंत्राचा निर्वात पंप वातावरणाच्या सुमारे निम्म्या दाबापर्यंत उतरतो. १० बार आणि अर्धा बार ही जोडी धरली, तर मर्यादा ५ टक्क्यांवर येते. तो पंप गोठ्यात आहेच.

क्षेत्रफळाचा हिशेब आशादायक आहे. दर पास्कल दाबाला, दर चौरस मीटरमधून, दर सेकंदाला एका मोलचा एक कोट्यंश एवढा कार्बन डायऑक्साइड पार होतो असे धरले आणि उतार १ बारचा घेतला, तर एका चौरस मीटरमधून तासाला सुमारे ८०० लिटर जातो. रोज २ घनमीटर गॅस उरत असेल, तर त्यातला काढायचा कार्बन डायऑक्साइडही सुमारे ८०० लिटरच आहे. एक दशांश चौरस मीटर क्षेत्रफळाला हे काम १० तासांत करता यावे; वाटेत उतार कमी होत जातो म्हणून क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट ठेवायला हवे. एक सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या, अर्धा मीटर लांबीच्या नळ्या घेतल्या, तर एक दशांश चौरस मीटरसाठी अशा सहा-सात लागतात. चकतीचे कामाचे क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस सेंटीमीटर असल्याने यापुढचे काम नळ्यांवरच आहे. सध्या आखूड नळ्यांच्या आतल्या बाजूला बीजे लावतो आहोत. वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला ती सारख्या दाटीने बसत नाहीत, खालच्या टोकाचा थर जाड येतो, आणि म्हणून वाढीच्या मध्यावर ऑटोक्लेव्ह निववून नळी उलटी करून पाहणार आहोत.